शेवटच्या घराजवळचा राक्षस

१

सूर्य चोरीला गेल्याची बातमी आली तेव्हा दोन्ना ऑर्सोला दुपारची झोप काढून नुकतीच उठली होती. सकाळच्या उरलेल्या, सारण भरलेल्या टोर्टेल्ली तशाच गार खाव्यात की लोण्यात परतून घ्याव्यात, हा त्या घटकेला तिच्यापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न होता.

"बाईसाहेब, सूर्य गेला!" तिची मोलकरीण नुन्झ्या धापा टाकत आत शिरली.

"मावळायला अजून अवकाश आहे, नुन्झ्या."

"आकाशातला नव्हे हो! नाटकशाळेतला! महाराजांचा!"

आता मात्र ऑर्सोलाने हातातला काटा खाली ठेवला. तो सूर्य म्हणजे वाल्मोराच्या ड्यूक अस्कानियो महाराजांचा जीव की प्राण. आकाराने परातीएवढाच, पण मधोमध महाराजांचा मेणाचा चेहरा, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि नाक असं दणदणीत की शेवटच्या रांगेतूनही ओळखावं. उद्या संध्याकाळच्या संगीतनाटकात शेवटच्या प्रवेशाला रंगवलेल्या रस्त्याच्या टोकाशी, देवळाच्या शिखरावर हा सूर्य उगवायचा होता. मागे दिवे लागायचे आणि किरण नीट महाराजांच्या खुर्चीवर पडायचे. शेजारच्या फोस्साल्ताच्या ड्यूकचा वकील खास त्यासाठी येऊन राहिला होता. जो राजा आपल्या घरात सूर्य उगवून दाखवतो, त्याच्या सरहद्दीवरच्या गिरण्यांकडे वाकड्या नजरेने बघू नये, एवढं त्या वकिलाच्या डोक्यात शिरलं की नाटकाचा खर्च वसूल होणार होता.

"मग चोर सापडला का?"

नुन्झ्याने शालीच्या टोकाने नाक पुसलं.

"अगं बोल की! कोण?"

"बाईसाहेब," नुन्झ्या हुंदका देत म्हणाली, "आपला तादेओ."

२

तादेओ हा ऑर्सोलाचा एकुलता एक मुलगा. आवाज विहिरीतून यावा तसा खर्जातला आणि उंची अशी की घरातल्या प्रत्येक चौकटीवर त्याच्या कपाळाची खूण होती. उद्याच्या नाटकात तो समुद्रदेव होणार होता. आत्ता मात्र तो पहारेकऱ्यांच्या खोलीत एका बुटक्या बाकावर गुडघे हनुवटीशी घेऊन बसला होता.

"आई, मी काही केलं नाही गं."

"ते मला ठाऊक आहे. तुला काही चोरायचं असतं तर ते खाण्यातलं असतं. दुपारी होतास कुठे?"

"झोपलो होतो. ढगात."

"कुठे?"

"रंगमंचाच्या वर तो कापसाचा मोठा ढग टांगलाय ना, त्यात. मऊ आहे, आणि मी पुरतो. दुसरीकडे मी कुठे पुरतच नाही, आई."

"कुणी पाहिलं तुला?"

"ढगात? कोण बघणार?"

कॅप्टन ब्रोजो दारात उभा राहून मिशी कुरवाळत होता. तपास संपल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. "दोन्ना, वाईट वाटतं. पण कारभारी काउंट ग्वेरार्दोंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. सूर्य काखेत मारून राक्षसाएवढा माणूस देवळामागे गेला. आता मला सांगा, सगळ्या वाल्मोरात राक्षसाएवढा माणूस दुसरा कोण आहे?"

"आणि शिक्षा?"

"उद्या पडदा उघडायच्या आत सूर्य जागेवर नसला तर जहाजावर. आयुष्यभर वल्ही मारायची." ब्रोजोने बाकावरच्या तादेओकडे कौतुकाने पाहिलं. "हात मात्र चांगले लांब आहेत."

ऑर्सोलाला त्या क्षणी रडायचं होतं, अगदी मनसोक्त, रंगमंचावर रडायची तसं. पण रंगमंचावरच्या रडण्याला टाळ्या तरी पडतात. तिने मुलाच्या केसांतून हात फिरवला. तो बसला होता म्हणून हात पोचला.

"जेवलास का?"

"नाही."

"नुन्झ्याच्या हाती टोर्टेल्ली पाठवते. कॅप्टन, त्यातल्या तुम्ही खाऊ नका. मी मोजून पाठवणार आहे."

बाहेर पडल्यावर ती आधी नाटकशाळेत गेली. ज्या रंगमंचावर तिने उभं आयुष्य गायलं, त्याच्या फळ्या तिला पावलांनी ओळखत होत्या. समोर रंगवलेला रस्ता होता. दोन्ही बाजूंना खांबाखांबांची घरं, एकामागे एक, आत आत जाणारी, आणि टोकाला ते देऊळ. सवयीने ती दुसऱ्या घराशी थांबली. गाणाऱ्याने दुसऱ्या घरामागे पाऊल टाकायचं नाही, हा तो रस्ता रचणाऱ्या रंगशिल्पी सिल्वेस्त्रोचा कायदा. एकदा भावनेच्या भरात तिने तो मोडला होता, तर महिनाभर तो माणूस तिच्याशी बोलला नव्हता. आज ती कायदा मोडून थेट देवळापर्यंत गेली.

सूर्याची जागा रिकामी होती. मागचे तेलाचे दिवे विझलेले होते, पण एका दिव्याची काच अजून कोमट लागत होती. आणि वास येत होता. तेलाचा नव्हे. ईस्टरला मेणबत्त्या जळून गेल्यावर दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये येतो तसला. ती वाकली. देवळाच्या पायरीवर एक टपोरा थेंब थिजला होता आणि तो सोन्यासारखा चकाकत होता.

"चोर कधी दिवे लावून चोरी करतो का?" ती स्वतःशीच म्हणाली.

३

काउंट ग्वेरार्दो हे राजवाड्याचे कारभारी. कोणी कुठे बसायचं, कोणी कुणाआधी वाकायचं आणि किती वाकायचं, हे ठरवणं हे त्यांचं काम. ते सतत बडीशेपेच्या साखरगोळ्या चघळत असत आणि दुपारपासून आपली साक्ष भेटेल त्याला ऐकवत होते. ऐकवून ऐकवून ती आता कीर्तनासारखी घोळली होती.

"मी माझ्या सज्जात बसलो होतो, दोन्ना. डावीकडच्या भिंतीत, वरच्या रांगेत. दुपारची शांतता. हातात प्रार्थनेचं पुस्तक. आणि एकाएकी बघतो तर काय! शेवटच्या घराजवळ राक्षस! खांदे दोन्ही बाजूंच्या घरांच्या वरच्या खिडक्यांना भिडलेले, डोकं थेट देवळाच्या शिखराला! सूर्य काखेत मारला आणि शिखरामागे गडप!"

"दोन्ही बाजूंच्या घरांच्या?"

"दोन्ही. उजवीकडच्याही आणि डावीकडच्याही. आजन्म विसरणार नाही."

"आणि चेहरा?"

"काळाकुट्ट. उजेड त्याच्या मागे होता."

"मग तुम्ही ओरडला असाल."

"ओरडलो की. म्हणजे, ओरडणारच होतो." काउंटनी घाईघाईने एक गोळी तोंडात टाकली. "आवाज फुटला नाही. आणि तुमच्या चिरंजिवांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं हं. गोळी घेता?"

"नको. तुमच्या गोळ्यांनी गळा बसतो."

फोस्साल्ताचा वकील मार्केझे लाप्पो पाहुण्यांच्या दालनात अक्रोड फोडत बसला होता. उद्याचा समारंभ फसावा असं कुणाला वाटत असेल तर ते यालाच, असा ऑर्सोलाचा तर्क होता. तो तिने जराही लपवला नाही.

"दुपारी कुठे होता, मार्केझे?"

"तुमच्या महाराजांच्या धर्मगुरूंबरोबर जेवत होतो. त्यांनी एकट्याने अर्धं हॅम संपवलं. विचारा त्यांना." वकील हसला. "मीच नेला असता सूर्य, दोन्ना, पण नेऊन करू काय? मला तो उद्या दिसणारच नव्हता."

"म्हणजे?"

"मला बसवलंय कुठे ठाऊक आहे? उजवीकडच्या अगदी टोकाच्या सज्जात. परवा रंगीत तालमीला मी तिथून काय पाहिलं? फळ्या. फळ्यांमागे दोर. दोरांमागे एक उंच माणूस सॉसेज खात उभा."

"तो माझा मुलगा."

"छान खातो. तर रस्ता असा तिथे नाहीच. रस्ता सरळ दिसतो तो फक्त एका माणसाला. त्याच्या शेजारच्याला जरा वाकडा, त्याच्या शेजारच्याला आणखी वाकडा. आणि मला तर नुसत्या सुताराच्या वखारीत बसल्यासारखं वाटलं. तुमच्या ड्यूकच्या लेखी आमच्या ड्यूकची किंमत काय, ते मला गाणं सुरू व्हायच्या आधीच कळलं. या नाटकाचं हेच तर काम आहे! एकाला नगर दाखवायचं आणि बाकीच्यांना, ते नगर त्या एकाचं आहे, हे दाखवायचं."

ऑर्सोलाने त्याच्या वाटीतला एक अक्रोड उचलला आणि तो तिच्या हातातच राहिला.

"मार्केझे," ती हळूच म्हणाली, "उजवीकडच्या सज्जातून उजवीकडची घरं दिसतात का?"

"त्यांच्या पाठी दिसतात. नुसतं कच्चं लाकूड. का हो?"

पण दोन्ना ऑर्सोला उठून दाराबाहेर गेलीसुद्धा होती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी, सुतार अजून दूधपाव खात होते तेव्हा, नुन्झ्याला घेऊन ती नाटकशाळेत पोचली आणि काउंटच्या सज्जात जाऊन बसली. डावीकडची भिंत, वरची रांग. समोर उजवीकडची घरं दिसत होती, जरा तिरकस. डावीकडची एकही नाही. तिथे होत्या विंगांच्या पाठी, खिळे, दोर आणि सुकलेल्या सरसाचं एक भांडं. देऊळ तर अर्धंच दिसत होतं.

"दोन्ही बाजूंच्या खिडक्या म्हणे!" ती पुटपुटली. "इथून दोन्ही बाजू बघायला माणसाची मान पुरायची नाही, बगळ्याची हवी."

ती खाली उतरली आणि भिंतीच्या कडेकडेने चालू लागली. एक एक पाऊल मधे सरकावं तसं ते नगर सरळ होत गेलं. फटी बुजल्या, खांब रांगेत आले. शेवटी सगळं कसं जुळलं, आणि तिने थांबून शेजारी पाहिलं. शेजारी एक लाल मखमलीची खुर्ची होती. हातांवर सिंहाची तोंडं कोरलेली. त्या खुर्चीवर महाराजांशिवाय कुणी बसलं तर राजद्रोह.

ऑर्सोलाने बसायचं टाळलं. तिने फक्त दोन बोटं गादीच्या फटीत घातली आणि बडीशेपेची एक चघळून टाकलेली गोळी बाहेर काढली.

"अगं बाई," ती म्हणाली. "दुपारची झोप! सगळा वाडा घोरत असताना कारभारीबुवा इथे येऊन राज्य करतात तर!"

म्हणजे काउंट खोटं बोलले होते ते फक्त जागेबद्दल. जे पाहिलं ते खरोखर पाहिलं होतं. डोळा लागला असणार, दचकून उठले असणार, आणि समोर खरंच राक्षस असणार. पण राक्षस खरा असेल तर तादेओ सुटणार कसा?

"नुन्झ्या, जरा वर चढ. त्या देवळापाशी जाऊन उभी राहा."

नुन्झ्या ही बाजारात टोपलीआड हरवणारी बाई. ती घाबरत घाबरत रस्त्याने आत निघाली. आत जाता जाता घरं लहान होत होती, पण नुन्झ्या काही लहान होईना. तिसऱ्या घराशी ती दारात मावेना. पाचव्या घराशी तिचं डोकं छपरावर आलं. देवळापाशी ती पोचली तेव्हा ऑर्सोला खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसली होती, डोळे खुर्चीच्या उंचीला आणून.

खांदे दोन्ही बाजूंच्या वरच्या खिडक्यांना. डोकं थेट देवळाच्या शिखराला.

"बाईसाहेब, उतरू का? मला इथे कसंतरी होतंय. केवढीशी घरं ही!"

तेव्हा कुठे ऑर्सोलाला तो जुना प्रसंग आठवला. भावनेच्या भरात ती मागे गेली होती आणि विरहाचं गाणं गाताना तिची हनुवटी एका धुराड्यावर टेकली होती. लोक पोट धरधरून हसले होते. म्हणून तर तो कायदा! मागची घरं मुळात खांद्याएवढी. तिथे कुणीही उभं राहिलं तरी राक्षसच दिसणार. हे गाणाऱ्यांना आयुष्यभर ओरडून ओरडून सांगणारा माणूस एकच होता.

ती तशीच कॅप्टन ब्रोजोकडे गेली. तो तोंड पुसत होता आणि टोर्टेल्लींचं भांडं रिकामं होतं.

"कॅप्टन, राक्षसाबद्दल तुम्ही सिल्वेस्त्रोला काही विचारलं होतं?"

"विचारलं की. आम्ही तपासात कसूर करत नाही. म्हटलं, मास्तर, तुमचा रस्ता, तुम्ही सांगा, माणूस किती उंच असेल? बिचारा पांढराफटक पडला होता, सूर्य गेल्याचं दुःख. म्हणाला, फार उंच असेल. तुमचा तादेओच असेल."

५

सिल्वेस्त्रोच्या घरी स्वयंपाकघराचं दार आतून लावलेलं होतं. ऑर्सोलाने ते ठोठावलं नाही. ती बाहेर उभी राहून म्हणाली, "मेण जळतंय, सिल्वेस्त्रो. वास गल्लीत येतोय."

दार उघडलं. चणीने लहान, दाढी पांढरी, उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. मागे टेबलावर सूर्य आडवा पडला होता. महाराजांचे डोळे, कपाळ, गाल सगळं जागच्या जागी होतं. नाक मात्र वितळून वरच्या ओठावरून हनुवटीपर्यंत ओघळलं होतं. आजूबाजूला मेणाची चार-पाच नवी नाकं पडली होती, एकाहून एक विचित्र.

"दिवे लावून बघत होतो गं," तो खुर्चीत कोसळला. "सगळे झोपलेले, म्हटलं एकदा बघून घेऊ, किरण खुर्चीवर पडतात का. आणि खुर्चीकडे वळून बघायच्या आतच महाराजांचं नाक... मी हाताने धरायला गेलो, हात भाजला. मग दिवे मालवून तसाच उचलून पळालो. महाराजांच्या चेहऱ्याला इजा म्हणजे काय शिक्षा आहे, ठाऊक आहे ना तुला?"

"आणि माझ्या पोराला काय शिक्षा आहे, ते तुला ठाऊक नव्हतं?"

तो हातावरचं फडकं चाळवू लागला.

"एवढी वर्षं ओरडत आलास आमच्यावर. मागे जाऊ नका, राक्षस दिसाल, राक्षस दिसाल! कॅप्टनने विचारलं तेव्हा सगळ्या वाल्मोरात हसायला हवं होतंस ते फक्त तू. आणि तू म्हणालास, तादेओच असेल! लाज नाही वाटली?" तिचा आवाज चिरकला. जो आवाज मोठमोठ्या नाटकशाळांत कधी चिरकला नव्हता, तो त्या स्वयंपाकघरात चिरकला. "लहानपणी त्याला मांडीवर घेऊन रंग कालवायला शिकवलंस रे तू!"

"मला वाटलं, रात्रीतून नाक करतो, सकाळी सूर्य परत लावतो, मग त्याला सोडतीलच. पण नाक जमेचना." सिल्वेस्त्रो दोन्ही हातांत तोंड लपवून रडू लागला. "मला धरून दे, ऑर्सोला. माझी तयारी आहे."

ऑर्सोलाने रागारागाने शालीची गाठ आवळली. मुलाच्या जागी या म्हाताऱ्याला वल्ह्यावर बसवायचं, हे एका वाक्याचं काम होतं. राग तर असा होता की ते वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं. पण ती बराच वेळ त्या नाकांकडे बघत राहिली आणि मग, नको नको म्हणताना, तिला हसू फुटलं.

"हे कुणाचं? बदकाचं?"

"तिसरा प्रयत्न," सिल्वेस्त्रो मुसमुसत म्हणाला.

"ऊठ. सूर्य फडक्यात गुंडाळ आणि चल. महाराज दुपारी नाटकशाळेत येणार आहेत. मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मागच्या वेळी नको तिथे उघडलंस."

६

ड्यूक अस्कानियो महाराजांच्या बुटांच्या टाचा वीतभर होत्या, टोपीवर तुरा हातभर होता, आणि या दोहोंच्या मधे स्वतः महाराज जेवढे होते तेवढ्याबद्दल वाल्मोरात कुणी बोलत नसे. ते रंगमंचासमोर उभे होते. कारभारी, कॅप्टन आणि मार्केझे लाप्पो मागे उभे होते, आणि दोन शिपायांच्या मधे मान खाली घातलेला तादेओ होता.

"दोन्ना ऑर्सोला, सूर्य कुठे आहे?"

"सांगते महाराज. त्याआधी एक विनंती. राक्षस कुणीही होऊ शकतो, हे मला सिद्ध करायचंय. त्यासाठी एक असा माणूस त्या देवळापाशी जायला हवा, जो..." ती अडखळली. "जो फार उंच नाही."

कॅप्टनला एकदम छतावरची चित्रं आवडू लागली. कारभारी जमिनीकडे बघू लागले. वकील मात्र सरळ महाराजांकडे बघत होता, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

"काय झालं?" महाराज म्हणाले. "मीच जातो! माझी साक्ष तरी कुणी खोटी म्हणणार नाही."

"पण महाराज, तिथे कोण गेलंय ते दिसायला खुर्चीत कुणीतरी बसायला हवं. दुसरीकडून ते दिसत नाही."

महाराजांनी क्षणभर विचार केला. "ग्वेरार्दो, तुम्ही बसा. माझा हुकूम आहे."

काउंट बसले. बसले ते असे की न बघता त्यांचा पाय नेमका पायाशी ठेवलेल्या चौरंगावर गेला, कोपर नेमकं सिंहाच्या जबड्यात टेकलं आणि पाठ मखमलीतल्या खळग्यात अलगद बसली. महाराजांच्या भुवया वर गेल्या. पण ते काही न बोलता रंगमंचावर चढले आणि खडखड टाचा वाजवत रस्त्याने आत गेले.

देवळापाशी पोचून ते वळले. "हं! कसा दिसतो?"

काउंटनी समोर पाहिलं आणि ते मागेपुढे सगळं विसरले. "अरे देवा! राक्षस! खांदे दोन्ही बाजूंच्या घरांच्या वरच्या खिडक्यांना भिडलेले, डोकं थेट देवळाच्या शिखराला..."

त्यांनी घाईघाईने तोंडावर हात ठेवला. ती साक्ष सगळ्या राजवाड्याला पाठ होती.

"कॅप्टन," ऑर्सोला म्हणाली, "आता काउंटच्या सज्जात जा आणि तिथून काय दिसतं ते सांगा."

ब्रोजो धावत वर गेला. थोड्या वेळाने वरून चाचरता आवाज आला, "इथून... इथून फळ्या दिसतात. आणि फळ्यांच्या मधे... महाराज दिसतात. म्हणजे, महाराजांएवढेच महाराज."

आता लपवायला काही उरलं नव्हतं. काउंट खुर्चीतून घसरून गुडघ्यांवर आले. सिल्वेस्त्रो रंगमंचावर चढून पुढे झाला, त्याने फडकं सोडलं आणि सूर्य महाराजांपुढे धरला. "माझा अपराध आहे, महाराज. दिव्यांनी नाक वितळलं. भीतीने लपवलं आणि या पोरावर ढकललं. मला जहाजावर पाठवा, पण याला सोडा."

ऑर्सोलाने तादेओचा हात घट्ट धरला. महाराजांनी ते ओघळलेलं नाक पाहिलं. गुडघ्यांवरच्या कारभाऱ्याकडे पाहिलं. या दोघांपैकी कुणालाही फासावर चढवायला महाराजांना एक शब्द पुरे होता, आणि तो शब्द आला की मुलाची सुटकासुद्धा तिला गोड लागणार नव्हती.

"ग्वेरार्दो," महाराज अखेर म्हणाले, "खरं सांगा. शिखराला?"

"टेकलं होतं, महाराज. तुरा तर ढगात."

महाराजांनी उजवीकडच्या घराच्या धुराड्यावर हात ठेवला. मग दुसरा हात डावीकडच्या. आयुष्यात त्यांनी कुठल्याच छपरावर हात ठेवला नव्हता. त्यांच्या गालांवर हळूहळू लाली चढली.

"मेणाचं तोंड कशाला हवंय इथे?" ते म्हणाले. "संध्याकाळी मी स्वतः उगवेन. सिल्वेस्त्रो, दिवे नीट लाव, मला वितळवू नकोस. पोराला सोडा. ग्वेरार्दो, तुम्ही आजपासून मार्केझेंच्या सज्जात बसायचं, टोकाला. आणि मार्केझेंना मधे जागा द्या. मी केवढा आहे ते फोस्साल्तात कळू दे."

"आणि खुर्चीत, महाराज?" ब्रोजोने वरूनच विचारलं. "ती रिकामी राहिली तर कुणाला काहीच नीट दिसणार नाही."

महाराजांनी ऑर्सोलाकडे बोट केलं. "या बाई बसतील. मला खरं सांगणारं कुणीतरी एक हवं."

संध्याकाळी नाटकशाळा गच्च भरली. दोन्ना ऑर्सोला लाल मखमलीत ऐसपैस बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने तो रस्ता जसा असायला हवा तसा पाहिला. पुढे, दुसऱ्या घराशी, तिचा तादेओ समुद्रदेव होऊन गात होता आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती. मग दिवे लागले आणि टोकाच्या देवळावर सोनेरी झग्यातले महाराज उगवले. दोन्ही बाजूंच्या सज्जांतून दबल्या हसण्याची खसखस पिकली, तिकडे त्यांना फळ्यांमधला एक बुटका सोनेरी गृहस्थ दिसत होता. मधल्या जागेवरून लाप्पोने मान तुकवली. खुर्चीतून मात्र राजा खरोखर प्रचंड दिसत होता.

पडदा पडल्यावर महाराज झगा सावरत तडक तिच्याकडे आले. मागोमाग तादेओ होता.

"सांगा, दोन्ना. खरं सांगायचं. केवढा दिसलो?"

ऑर्सोलाने मुलाकडे पाहिलं, मग महाराजांकडे. "अगदी आमच्या तादेओएवढे, महाराज. तसूभर कमी नाही."

महाराजांनी मान वर करकरून तादेओला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि ते खो खो हसत सुटले. "म्हणजे काल कॅप्टनने मलाच धरायला हवं होतं की!"

"तेच तर मी सकाळपासून सांगतेय," दोन्ना ऑर्सोला म्हणाली आणि लेकाला जेवायला घेऊन गेली.